गळ्याच्या मापाचा हार

पॉलिमर क्लेला कुणी माती म्हटलं की आईला राग येतो. मातीसारखी ती मळावी लागते, मातीसारखा तिला आकार देता येतो, हे खरं. पण ती माती नव्हे, एका जातीचं प्लास्टिक आहे. उघडी ठेवली तरी वाळत नाही. ओव्हनमध्ये भाजेपर्यंत मऊच राहते आणि एकदा भाजली की दिलेला आकार सोडत नाही. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना आई हे सांगायला लागली की तिचा आवाज पुन्हा शाळेतल्या बाईंचा होतो. तिनं उभं आयुष्य जबलपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर काही दिवस ती घरात नुसती फिरायची, डब्यांची झाकणं उघडून पुन्हा लावायची. हिला काही काम सापडलं नाही तर ही आपल्या दोघांनाही पुसून फडताळात ठेवेल, असं बाबा मला म्हणायचे.

मग फोनवर तिला या क्लेचा व्हिडिओ दिसला आणि आमची सुटका झाली. पहिल्यांदा तिनं केलं ते पुस्तकाचं कव्हर. तिची पाककृतींची डायरी होती, तेल पिऊन पुठ्ठा मऊ झालेली, कोपरे उंदरानं खाल्लेले. तिनं क्ले मळली, लादीच्या तुकड्यावर काचेच्या बाटलीनं पोळीसारखी लाटली, तिच्यावर पिंपळाचं पान दाबून शिरा उमटवल्या आणि ती पोळी नव्या पुठ्ठ्यावर बसवून भाजली. आमचा छोटा ओव्हन, ओटीजी, त्या दिवसापासून बाल्कनीत गेला, कारण ज्यात क्ले भाजायची त्यात खायचं काही करायचं नसतं. बाबा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून केक करायला शिकत होते. त्यांचा छंद असा एका दुपारीच संपला आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारलंही नाही.

पुढे ती सराईत झाली. पांढऱ्या आणि राखी रंगाच्या गोळ्यांना पीळ देऊन भेडाघाटच्या संगमरवरी दगडासारखी कव्हरं करायची, ती मराठी मंडळाच्या आनंदमेळ्यात हातोहात जायची. लोक जुन्या वह्या, पोथ्या, लग्नाचे अल्बम घेऊन यायचे. आईची पद्धत ठरलेली होती. आधी पातळ कागद ठेवून फाटक्या भागाचा खाका काढायचा, मग त्याच्या चहूबाजूंनी बोटभर जास्त धरून क्ले कापायची. बोटभर काहून, असं एका शिकणाऱ्या बाईनं विचारलं तेव्हा आई म्हणाली, "फाटलेलं नेहमी आणखी फाटते. आजचं माप घेतलं तर उद्या उघडं पडते." वर म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण तिच्या तोंडात सतत असायची. आमच्या घरातल्या पडद्यांना, उशांना, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा कव्हर होतं, तेव्हा ही म्हण मला बरेच दिवस नुसती गंमत वाटत होती.

मी तेव्हा तिशी ओलांडलेली होते, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी करत होते, आणि माझं लग्न व्हायचं होतं. जबलपूरच्या मराठी घरात वाढलेल्या मुलीचं लग्न म्हणजे एक त्रांगडंच असतं. इथली स्थळं मोजकी, सगळ्यांची सगळ्यांशी ओळख, नागपूरची माणसं आमचं मराठी ऐकून हसतात, आणि पुण्याच्या एका बाईंनी तर फोनवर "तुमच्याकडे मराठी बोलतात का?" असंच विचारलं होतं. तरी आईनं आशा सोडली नव्हती. मीही सोडली नव्हती, उगाच खोटं काहून बोलू. मला लग्न करायचं होतं.

डाग पहिल्यांदा दिसला तो आंघोळीनंतर, गळ्याच्या खाली, हाडाच्या जरा वर. मला वाटलं पावडर राहिली. पुसली, निघाली नाही. आठवडाभर मी रोज तो पुसत होते. मग आईला दाखवला. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काही नाही, उन्हानं झालं असेल." त्यानंतर तिनं त्या गोष्टीचं नाव कधीच घेतलं नाही. कोड हा शब्द आमच्या घरात उच्चारला गेला नाही. 'ते' म्हणायची. ते वाढलं का, ते दिसते का, ते झाक.

घरातून दही गेलं, लिंबू गेलं, चिंच गेली. माशावर कधी दूध प्यायलीस का, असं ती मला पुन्हा पुन्हा विचारायची, जणू मी लहानपणी चोरून कुठेतरी हे पाप केलं होतं. आम्ही मासे खातच नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून जवळच्या मझौली गावातल्या एका औषधवाल्याकडे नेलं. बाजाराचा दिवस होता, लसणाच्या पोत्यांमधून वाट काढत आम्ही त्याच्या खोलीत गेलो. त्यानं काळपट लेप दिला, लावून उन्हात बसायला सांगितलं. मी गच्चीवर बसले. तिसऱ्या दिवशी गळ्यावर पाणी भरलेले फोड आले, ते फुटले, आणि बरे झाल्यावर डाग पहिल्यापेक्षा मोठा दिसायला लागला. शहरात त्वचेचे डॉक्टर नव्हते असं नाही. पण डॉक्टरच्या दाराबाहेर बाकावर बसावं लागतं, आणि बाकावर ओळखीचं कुणीतरी भेटतंच, असं आईचं गणित होतं. बाबा एकदाच म्हणाले, "डॉक्टरला दाखवून टाकू ना, काय होते त्यात?" आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पेपर उघडला.

पण हार सुरू झाला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवामुळे. मंडळातल्या एका काकूंकडे दरवर्षी असतं, आम्ही दोघी गेलो होतो. मी ओढणी नीट पिन केली होती, तरी वाण घ्यायला वाकले आणि ती सरकली. काकू एकेकीला हळदीकुंकू लावत येत होत्या. माझ्यापर्यंत आल्या, थांबल्या, आणि करंडा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "तू लावून घे गं बेटा, माझे हात भरलेत." हात कशानं भरले होते? हळदीनंच. माझ्या शेजारच्या मुलीला त्यांनी त्याच हातानं लावलं. मी माझं मीच कुंकू लावलं आणि तिळाची वडी तोंडात टाकली. आई समोरच्या सतरंजीवर बसलेली होती, तिनं सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर टेबलावर क्ले मळून ठेवलेली होती आणि आई म्हणाली, "जरा इकडे ये, मान वर कर."

आधी तिनं माझ्या कातडीचा रंग करायचा प्रयत्न केला. तपकिरी, पिवळा, थोडा लाल असे गोळे मिसळायची आणि ब्लाऊजपीस जुळवून पाहतात तसे माझ्या गळ्याला लावून पाहायची. शेवटी रंग जमला. तंतोतंत जमला. तिनं त्याचं एक पातळ पान कापून डागावर ठेवलं आणि आरसा धरला. माझ्या अंगाचा तुकडा कापून मलाच चिकटवल्यासारखं ते दिसत होतं. मी ओरडले नाही, पण आरसा उलटा केला. आईनंही ते पाहिलं असावं, कारण तिनं ते पान लगेच चुरगळून मोठ्या गोळ्यात मळून टाकलं. तो तपकिरी गोळा पुढे कुठल्या तरी डायरीच्या कव्हरात गेला.

मग तिनं पुस्तकाचीच रीत वापरली. पातळ कागद माझ्या गळ्यावर ठेवला, पेन्सिलीनं डागाची कड काढली, बोटभर जास्त धरून कापला. त्या मापाचे पानांसारखे तुकडे केले, हिरवे आणि जांभळे, शिरा उमटवलेले. ते सपाट भाजले तर गळ्यावर उभे राहिले असते, म्हणून स्टीलच्या तांब्यावर बसवून भाजले, म्हणजे गळ्याचा बाक त्यांना आपोआप आला. कमानिया गेटच्या बाजारात जाऊन तिनं तार, कड्या आणि हूक आणले. तुकडे एकमेकांत गुंतवून तिनं हार असा आवळला की मी वाकले, धावले, मान फिरवली, तरी तो जागचा हलत नव्हता. तिला त्याचाच सगळ्यात जास्त अभिमान होता. बाजारातला हार लोंबतो, सरकतो, तिचा बसायचा.

हार सुंदर होता, हे मला सांगायलाच हवं. आजही त्याचा फोटो पाहिला की मी क्षणभर सगळं विसरते. ऑफिसमध्ये पहिल्याच दिवशी मला तिघींनी थांबवलं. "दीदी, कहाँ से लिया?" आईला ऑर्डरी यायला लागल्या. पुस्तकांची कव्हरं मागे पडली, हार, कानातले, कडी पुढे आली. कधी मोराचा, कधी दगडाचा, कधी जुन्या पैठणीच्या काठासारखा हार ती माझ्यासाठी आधी करायची आणि मी तो घालून हिंडले की चार बायका तसा मागायच्या. मी तिची चालती जाहिरात झाले. आई बायकांना हार विकायची, पण माझ्याइतका घट्ट, माझ्याइतका रुंद कुणालाच देत नसे. त्यांना तेवढ्याची गरज नव्हती.

मी तो हार दिवसभर घालायचे. उन्हाळ्यात जबलपूर भाजून निघत असतं तेव्हा त्या प्लास्टिकखाली घाम साचायचा, चुरचुरायचं, खाज यायची. मी दोन बोटं आत घालून खाजवलं की आई म्हणायची, "काहून हात लावून राहिली सारखी? लोकायचं लक्ष जाते मग." घरी आल्यावर काढला की गळ्यावर पानांच्या कडा लाल उमटलेल्या असायच्या. आई त्यावर खोबरेल लावायची. अगदी हलक्या हातानं लावायची. त्या वेळी तिच्यावर रागावणं मला जमायचं नाही, आणि तो राग दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या शिपायावर निघायचा.

हाराला जोडी म्हणून तिनं मनगटात घालायचं रुंद कडं केलं. माझं मनगट तेव्हा साफ होतं. काही महिन्यांनी कड्याखाली पांढरा ठिपका आला, मग आणखी एक, मग ते दोन्ही मिळाले. मी आईला हात दाखवला. तिनं तो आपल्या हातात घेतला, अंगठ्यानं चोळून पाहिला आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "बरं झालं, कडं आधीच करून ठेवलं होतं." मलाही तेव्हा तसंच वाटलं. आईला पुढचं दिसतं, असं मी बाबांना कौतुकानं सांगितलं. आम्ही तिघंही शिकलेली माणसं आहोत, हे इथे नमूद करून ठेवते.

नागपूरचं स्थळ आलं ते त्या सुमारास. मुलगा इंजिनियर, घर साधं, पत्रिका जुळलेली. मुलगा, त्याची आई आणि मामा जबलपूरला, विजय नगरातल्या आमच्या घरी आले. आईनं त्या दिवसासाठी नवा हार केला होता, गडद निळा, मधे चंदेरी रेषा, गळाभर. पोहे झाले, चहा झाला, माझी नोकरी झाली. मुलाची आई मात्र सारखी हाराकडेच पाहत होती. शेवटी त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि आधी आईला, मग मला म्हणाल्या, "अहो, हे खरंच तुम्ही घरी केलंय? काढून दे ना गं जरा, हातात घेऊन बघते."

खोलीत कुणीच काही चुकीचं बोललं नव्हतं. त्या चांगल्या बाई होत्या, मनापासून मागत होत्या. माझा हात हुकाकडे गेला, कारण मोठ्यांनी मागितलं की द्यायचं, हे हाताला माहीत असतं. आई म्हणाली, "तिचा नाही निघत हो. मागून तारेनं बांधून टाकला आहे मी, तोडावा लागेल." आणि आत जाऊन तिनं डब्यातला दुसरा हार आणला, तसाच निळा, जरा नाजूक, आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यात घातला. त्यांना तो इतका आवडला की त्या तो घालूनच नागपूरला गेल्या. दोन दिवसांनी होकार आला.

घरात त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आवाज कुणीच चढवला नाही. बाबा म्हणाले, "सांगून टाकू. चलो, जे होईल ते होईल." आई म्हणाली, "साखरपुडा होऊ दे. एकदा माणसं आपली झाली की मग काही वाटत नाही." बाबा म्हणाले, कळल्यावर काय म्हणतील. आई म्हणाली, काही नाही म्हणणार. माझ्या गळ्याबद्दल ते दोघं बोलत होते आणि मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. मला वाटलं, हार निघत नाही असं आई म्हणाली ते एका अर्थी खरंच आहे. लग्न झालं तर तो मला नवऱ्यासमोरही घालून बसावा लागेल.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मुलाला फोन केला आणि सांगितलं. कुठे आहे, किती आहे, वाढतंय, सगळं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मला तसा काही प्रॉब्लेम नाही. पण आईला विचारावं लागेल." मी म्हटलं, विचारा. चार दिवसांनी मामांचा फोन आला की पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली तर एकनाड निघाली, आमचा नाइलाज आहे. पहिल्या गुरुजींना छत्तीसातले सव्वीस गुण दिसले होते. नाडीसुद्धा माणसाच्या सोयीनं एक होते आणि वेगळी होते, एवढं मला त्या दिवशी ज्योतिष कळलं.

"काहून सांगितलंस तू?" आईनं विचारलं. एवढंच. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं धारदार, दोन दिवस घोळवलेलं. पण तिचा चेहरा पाहिला. ती माझ्यावर चिडलेली नव्हती. रस्त्यात मुलाचा हात सुटल्यावर बाई जशी दिसते, तशी ती दिसत होती. संध्याकाळी ती पुन्हा कागद घेऊन आली आणि माझं नवं माप घेतलं. या खेपेला तिनं बोटभर नाही, चांगलं दोन बोटं जास्त धरलं.

तो हार मी पुढचा सगळा उन्हाळा आणि पावसाळा घातला. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत एकदा आई मला खोबरेल लावत होती आणि मधेच थांबली. "हे कधी आलं?" ती म्हणाली. मी आरशात पाहिलं. डाग आता डाग राहिला नव्हता. गळ्याभोवती, पार मानेच्या मागे हुकापर्यंत, पांढरी पट्टी आली होती. रोज थोडंथोडं वाढत गेलं म्हणून आम्हाला कळलं नव्हतं; मागच्या बाजूला तर आधी काहीच नव्हतं. बाबांनी त्या वेळी कुणालाच विचारलं नाही. सरळ अपॉइंटमेंट घेतली आणि आईला सांगितलं, "तूही जा सोबत."

डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्याहूनही लहान असावी. बाकावर ओळखीचं कुणी भेटलं नाही. तिनं मला हार काढायला सांगितला, दिवा ओढून गळ्यावर धरला, मग टेबलावर ठेवलेला हार उचलला आणि पुन्हा माझ्या गळ्याला लावून पाहिला. वरची कड, खालची कड, मागचा हूक. मी समोरच्या काचेत पाहत होते. माझ्या गळ्याचा खाका काढून ती पट्टी कापली असावी इतकी ती हाराशी जुळत होती.

"ये रोज पहनती हैं?" डॉक्टरनं विचारलं.

"हाँ, रोज," आई म्हणाली. "हम ही बनाते हैं, घर पे."

"बहुत सुंदर है," डॉक्टर म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली. मग तिनं माझा हात उलटा करून मनगट पाहिलं. "ये हाथ वाला दाग कड़े से पहले था, या बाद में आया?"

"बाद में," आई लगेच म्हणाली. वर्गात उत्तर येणारी मुलगी देते तसं. कडं आपण आधीच करून ठेवलं होतं हे तिला सांगायचं असणार, कारण तिचं तोंड पुढच्या वाक्यासाठी उघडलेलं होतं. ते वाक्य आलं नाही. ती माझ्या मनगटाकडे पाहत राहिली, मग माझ्या गळ्याकडे, मग डॉक्टरच्या हातातल्या हाराकडे.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. सगळ्यांना होत नाही, काही जणांना होतं; जिथे कातडी सतत घासते, दाबली जाते, तिथेच नवा डाग उठतो. पहिला डाग आपोआपच आला असेल, त्यात कुणाचा दोष नाही. पण पुढचे घासण्यानं आलेले दिसतात. घट्ट काहीच घालायचं नाही, साखळी नाही, घड्याळाचा पट्टा नाही. ओढणीसुद्धा गळ्याशी आवळायची नाही. मलम देते, वेळ लागेल, किती परत येईल ते सांगता येत नाही. "बस, ये पहनना बंद कीजिए," असं म्हणून तिनं हार आईच्या पुढे सरकवला. आईनं तो लगेच उचलला नाही.

मला आधी जे वाटलं ते चांगलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा आनंदसुद्धा झाला, की आता कुणी मला हे घाल म्हणणार नाही. मग मी आईचे हात पाहिले. ते टेबलाच्या कडेवर ठेवलेले होते आणि ती आपल्याच बोटांच्या टोकांकडे पाहत होती, ज्यांनी ती कडा गुळगुळीत करायची, तासन् तास, पॉलिश पेपरनं, मला टोचू नये म्हणून. तिला काही सांगावं असं मला फार वाटलं. तुझा दोष नाही असं डॉक्टर म्हणाली होती, पण ते फक्त पहिल्या डागाबद्दल, आणि आईनं ते नीट ऐकलं होतं.

बाहेर आलो तेव्हा दुपार होती. आम्हाला माणशी पैसे घेणारा सवारी ऑटो मिळाला. मागे आम्ही दोघी आणि एक म्हातारे गृहस्थ, आणि समोरच्या आडव्या पाटावर एक बाई, मांडीवर भाजीची पिशवी. कितीतरी महिन्यांनी घराबाहेर माझ्या उघड्या गळ्याला वारा लागत होता, तो गार वाटत होता. समोरची बाई माझ्या गळ्याकडे पाहत होती. मग तिनं पाय जरा मागे घेतले आणि पिशवी माझ्यापासून लांब, दुसऱ्या मांडीवर ठेवली.

आईनं ते पाहिलं. विचार करायला तिला वेळच लागला नाही. तिचा हात उठला, तिनं आपल्या पदराचं टोक माझ्या खांद्यावरून ओढून गळ्याभोवती घेतलं. आणि भाजल्यासारखा हात मागे घेतला. पदर माझ्या मांडीवर पडला.

"हे पण घासते का गं?" तिनं विचारलं.

कापडानंही होतं, डॉक्टरनं आमच्या दोघींच्या समोरच सांगितलं होतं. मी म्हटलं, "नाही गं. सुती आहे, नाही घासत. राहू दे."

तिनं पदर पुन्हा उचलला. पण गळ्याला टेकू दिला नाही. माझ्यापासून चार बोटं लांब, दोन्ही हातांनी ताणून, त्या बाईच्या आणि माझ्या मधे धरून बसली. रस्ता खणलेला होता, ऑटो उडत होता, प्रत्येक धक्क्याला ती पदर आणखी लांब न्यायची, चुकून लागू नये म्हणून. मी म्हटलं, आई, हात दुखतील. विजय नगर येईपर्यंत ती तशीच हात वर करून बसली होती.